विश्लेषण : विषारी पाणी पेशीला कसे मारते? कमला सोहोनींच्या बटाट्यापासून कोराडीच्या राखेपर्यंत

जुलै २०२२ मधील मुसळधार पावसात नागपूरजवळच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला. कोराडी औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून येथे साठवली जाते. ती शेतांत, नाल्यांत आणि पुढे कोलार व कन्हान नद्यांच्या दिशेने वाहत गेली. कन्हान ही नागपूरकरांच्या पिण्याच्या पाण्याची नदी. त्यानंतर बांध का फुटला आणि भरपाई कोण देणार, यावर बरीच चर्चा झाली. राखेतून उतरलेली द्रव्ये पाण्यावाटे शरीरात गेली तर नेमके कोठे आणि काय बिघडते, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. या प्रश्नाचे उत्तर पोटात, यकृतात किंवा मेंदूत शोधण्याआधी पेशीत शोधावे लागते. पेशीतील ज्या यंत्रणेवर अनेक विषांचा घाव बसतो, ती यंत्रणा वनस्पतींमध्येही चालते हे दाखवणाऱ्यांत एक मराठी शास्त्रज्ञ होत्या : डॉ. कमला सोहोनी. राखेवर किंवा नद्यांवर त्यांनी काम केले नाही. पण त्यांच्या कामाशिवाय या प्रश्नाचा उलगडा अपुरा राहतो.

कमला सोहोनी कोण होत्या?

माहेरच्या त्या कमला भागवत. जन्म इंदूरचा, १९११-१२ च्या सुमारासचा. थोरली बहीण म्हणजे लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत. मराठी वाचकाला दुर्गाबाई ठाऊक असतात आणि कमलाबाईंची ओळख अनेकदा दुर्गाबाईंची धाकटी बहीण अशी करून दिली जाते. विज्ञानाच्या जगात याच्या उलट व्हायला हरकत नाही.

वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरुच्या ज्या संस्थेला त्या काळी टाटा इन्स्टिट्यूट म्हणत, त्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत त्यांची गणना होते. घरात मुलगी शिकणार का, असा प्रश्न नव्हता. ती रसायनशास्त्र शिकून त्याच संस्थेत जाईल, हे जवळपास ठरलेलेच होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि बंगळूरुला अर्ज केला. अर्ज नाकारला गेला.

रामन यांनी प्रवेश का नाकारला?

संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल मिळून तीन वर्षे झाली होती आणि देशात त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. नकाराचे कारण गुणांत किंवा विषयात नव्हते. अर्जदार मुलगी होती, एवढेच कारण. वडील आणि काका, दोघेही संस्थेचे माजी विद्यार्थी, रदबदलीसाठी गेले, पण उपयोग झाला नाही. अखेर कमला स्वतः बंगळूरुला जाऊन रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत दाराशी सत्याग्रह करण्याची तयारी त्यांनी दाखवली, असे सांगितले जाते. काळ गांधींचा होता. अशी भाषा संचालकांच्या दालनापर्यंत पोहोचली असेल तर नवल नाही.

प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, कामाचा दर्जा पाहून रामन यांचे समाधान झाले तरच प्रवेश पक्का. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचे. आणि आपल्या असण्याने पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होऊ द्यायचे नाही. ही शेवटची अट कमलाबाईंना आयुष्यभर बोचत राहिली. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचे मन एवढे छोटे कसे, याचे उत्तर त्यांना मिळाले नाही. रामन यांच्या थोरवीच्या कथा सांगताना हा प्रसंग गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडायला हवी.

मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे पण मनाने मोकळे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. गरीब माणसाच्या ताटातील डाळीत नेमके काय असते, हा प्रश्न त्यांनी तेव्हा हातात घेतला आणि पुढे कधीच सोडला नाही. वर्षभराने रामन यांनी प्रवेश पक्का केला आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ मध्ये एम. एस्सी. पूर्ण झाली आणि त्यांनी केंब्रिजचा रस्ता धरला.

केंब्रिजमध्ये बटाट्यात काय सापडले?

केंब्रिजमधील जीवरसायनशास्त्राचा विभाग तेव्हा सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स चालवत होते. जीवनसत्त्वांच्या कामासाठी त्यांना १९२९ मध्ये नोबेल मिळाले होते. जागेची इतकी टंचाई होती की कमलाबाईंना डेरेक रिक्टर या संशोधकाच्या टेबलावर सुरुवात करावी लागली. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर काम करू लागल्या. हिल यांचे नाव आज प्रकाशसंश्लेषणाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते.

आपण श्वासातून घेतलेला प्राणवायू रक्तातून पेशीपर्यंत जातो. पेशीत अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे हातोहात दिले जातात. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागते आणि बादल्या पुढे सरकत जातात, तसेच हे. रांगेच्या टोकाला प्राणवायू उभा असतो. तो इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि त्याचे पाणी होते. या सरकण्यातून निघालेली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत साठवली जाते आणि पेशीचे जवळपास प्रत्येक काम त्यावर चालते. हे सगळे घडते ते तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकाँड्रियात. रांगेतील शेवटचा विकर म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज आणि त्याच्या हाती बादली देणारे छोटेसे, लोहयुक्त प्रथिन म्हणजे सायटोक्रोम सी.

कमलाबाईंनी वनस्पतींमध्ये सायटोक्रोम सी शोधले, असे एक वाक्य त्यांच्यावरील बहुतेक लेखांत असते. ते थोडे नेमके करायला हवे. सायटोक्रोमांना ते नाव देणाऱ्या डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्येच प्राणी आणि यीस्टबरोबर वनस्पतींचाही उल्लेख केला होता. प्रश्न होता तो वनस्पतीच्या पेशी ही रांग खरोखर वापरतात का, हा. चिरलेला बटाटा काळा पडतो तो एका वेगळ्याच विकरामुळे. वनस्पतींचे श्वसन त्याच विकरावर चालत असावे, असे मानणारे अभ्यासक तेव्हा होते. कमला भागवत आणि रॉबिन हिल यांनी बटाट्यासारख्या ऊती घेऊन सायटोक्रोम ऑक्सिडेजची यंत्रणा सपुष्प वनस्पतींमध्येही काम करते, हे दाखवले. १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचे टिपण आले. चौदा महिन्यांत काम उरकून जेमतेम ४० पानांचा प्रबंध सादर झाला आणि त्याच वर्षी पीएच. डी. मिळाली. आजच्या प्रबंधांच्या जाडीकडे पाहता हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे.

विज्ञानात पीएच. डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला, असा त्यांचा उल्लेख होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना १९३१ मध्येच अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली होती. त्यामुळे हे विशेषण जपून वापरावे. कमलाबाईंचे मोठेपण त्यावर अवलंबून नाही.

या शोधाचा विषारी पाण्याशी काय संबंध?

बटाटा, मासा आणि माणूस यांच्या पेशी एकाच पद्धतीने श्वास घेत असतील, तर त्या पद्धतीवर घाव घालणारे विष एका जीवाला मारून दुसऱ्याला सोडण्याची शक्यता कमी होते. नदीतले मासे मेले की माणसाने का घाबरावे, याचे पेशीच्या पातळीवरचे कारण हे आहे. सायटोक्रोम सी तर इतके जुने आणि इतके जपलेले प्रथिन आहे, की माणसातील त्याच्या १०४ अमिनो आम्लांचा क्रम चिंपांझीत जसाच्या तसा आढळतो आणि ऱ्हीसस माकडात फक्त एका जागी बदलतो.

सायनाइड हे सर्वात ठळक उदाहरण. धातूंवर मुलामा देण्याच्या कारखान्यांत आणि सोन्याच्या खाणींत ते वापरले जाते. पेशीत शिरल्यावर ते सायटोक्रोम ऑक्सिडेजमधील लोहाला जाऊन चिकटते, म्हणजे रांगेतील शेवटच्या माणसाचे हात बांधले जातात. मागच्या बादल्या तुंबतात. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, फुप्फुसे चालू असतात, पण पेशी गुदमरते. ३० जानेवारी २००० रोजी रुमानियातील बाया मारे येथे सोन्याच्या खाणीच्या सांडपाण्याचा बांध पाऊस आणि वितळलेल्या बर्फाने फुटला. सायनाइडयुक्त सुमारे एक लाख घनमीटर पाणी तिसा नदीत आणि पुढे डॅन्यूबमध्ये गेले. हंगेरीच्या अंदाजानुसार एक हजार टनांहून अधिक मासे मेले.  वनस्पतींकडे सायनाइडला न जुमानणारी एक पर्यायी वाट असते. गंमत अशी की बटाट्याच्या चकत्या करून काही काळ ठेवल्या की त्यांच्यातही ही वाट जागी होते. माशाकडे आणि माणसाकडे ती नाही.

राखेचे विष वेगळ्या जातीचे आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात असते. त्या राखेत आर्सेनिक, शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा यांचे अंश असतात. राख वर्षानुवर्षे पाण्याखाली राहिली की त्यातील काही भाग पाण्यात उतरतो. किती उतरेल ते राखेवर आणि पाण्याच्या आम्लतेवर ठरते. सायनाइडसारखा एका झटक्यात घाव घालण्याइतके हे प्रमाण सहसा नसते. हे धातू वेगळी चाल खेळतात. ते तोतये असतात.

पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या तोतयाने पेशवाईला हैराण केले होते. चेहरा ओळखीचा वाटला की पहारेकरी सोडतात, तीच गत पेशीच्या दारावर होते. आर्सेनिकचे एक रूप, आर्सेनेट, हुबेहूब फॉस्फेटसारखे दिसते. पेशी त्याला फॉस्फेट समजून आत घेते आणि एटीपी बनवताना त्याच्या जागी बसवते. तयार झालेला रेणू लगेच मोडतो आणि मेहनत वाया जाते. सहा संयुजेचे क्रोमियम सल्फेटच्या दारातून आत शिरते आणि पेशीत गेल्यावर त्याचे रूप बदलते. या बदलात डीएनएला इजा होते. शिसे कॅल्शियमची जागा घेते आणि रक्तातील हीमोग्लोबिन तयार करणाऱ्या एका विकरालाही निकामी करते. कॅडमियम जस्त आणि कॅल्शियमच्या वाटा वापरते आणि मूत्रपिंडात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसते. पारा आणि आर्सेनिकचे दुसरे रूप प्रथिनांमधील गंधकाला धरतात. प्रथिनाचा आकार बिघडतो आणि आकार बिघडला की काम थांबते.

यातील बहुतेकांचा शेवटचा मार तंतुकणिकांवरच बसतो. तेथे सायटोक्रोम सी असते. म्हणून आर्सेनिक किंवा कॅडमियमचा पेशींवरील परिणाम अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळांत आजही सायटोक्रोम सी कुठे आहे, हे पाहिले जाते. त्याचे कारण समजून घेण्यासाठी कमलाबाईंच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांपर्यंत जावे लागेल.

भारतात परतल्यावर त्यांनी काय केले?

१९३९ मध्ये त्या परतल्या. केंब्रिजमध्ये किंवा अमेरिकेत राहिल्या असत्या तर कदाचित मूलभूत संशोधनात आणखी मोठे नाव झाले असते. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायनशास्त्र विभागाची जबाबदारी, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालकपद, असा प्रवास झाला. १९४७ मध्ये विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह करून त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या विज्ञान संस्थेत, जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या.

येथे त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा कडधान्यांना हात घातला आणि त्यातून विषाचा विषय वेगळ्या दाराने त्यांच्याकडे आला. वाल, सोयाबीन अशा कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी द्रव्ये असतात. कच्चे कडधान्य खाल्ले की पोट बिघडते त्याला तीही कारणीभूत असतात. भारतीय अन्नपदार्थांतील अशा द्रव्यांवर त्यांच्या गटाने १९५० च्या दशकात शोधनिबंध लिहिले. भिजवणे आणि नीट शिजवणे या आपल्या जुन्या सवयींनी ही द्रव्ये बरीचशी निष्प्रभ होतात. ती प्रथिने असतात आणि उष्णतेने प्रथिनाचा आकार मोडतो.

धातूचे तसे नाही. आर्सेनिक किंवा शिसे असलेले पाणी कितीही उकळले तरी ते जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण थोडे वाढतेच. पावसाळ्यात पाणी उकळून प्या, हा सल्ला जंतूंसाठी आहे. राखेच्या तलावाशेजारच्या विहिरीला तो लागू पडत नाही.

तत्कालीन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेवरही काम केले. आदिवासी भागांतील कुपोषित किशोरवयीन मुली आणि गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यास प्रकृती सुधारते, असे त्यांच्या अभ्यासात दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र हक्काचे असूनही चार वर्षे लांबले. अंतर्गत राजकारण हे त्याचे कारण सांगितले जाते. रामन यांच्या दारापाशी जे सुरू झाले ते पस्तिशी-चाळिशी उलटली तरी वेगळ्या वेषात चालूच होते. अखेर त्या संचालक झाल्या, त्या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक.

ग्राहक चळवळीत त्या कशा आल्या?

१९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली. ग्राहक संरक्षण कायदा यायला अजून वीस वर्षे होती. कमलाबाई त्या नऊ जणींपैकी एक. वाण्याच्या दुकानातील हळदीत, तिखटात, तेलात, डाळीत काय मिसळले आहे हे गृहिणीला कळावे, म्हणून संस्थेने भेसळ तपासण्याच्या सोप्या चाचण्या लोकांपर्यंत नेल्या. कमलाबाईंनी संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले आणि १९८२-८३ मध्ये संस्थेच्या अध्यक्षही झाल्या.

केंब्रिजची डॉक्टरेट असलेल्या बाईने तिखटात विटेची पूड शोधत बसावे, याचे काहींना हसू आले असेल. पण विषाची बाधा होण्याआधी ते ताटात कोणी ओळखायचे, हा प्रश्न त्यांनी सरकारी निरीक्षकावर सोडला नाही. डाळीला चकाकी आणणाऱ्या मेटॅनिल यलोसारख्या बंदी असलेल्या रंगाची परीक्षा आम्लाच्या काही थेंबांनी होते. त्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

१९९६ मध्ये असे काय कळले?

कमलाबाई ऐंशी ओलांडून गेल्या होत्या. त्या वर्षी अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील शियाओडाँग वांग यांच्या गटाने एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. सायटोक्रोम सी केवळ इलेक्ट्रॉन वाहत नाही. तंतुकणिकेला इजा झाली आणि हे प्रथिन तिच्याबाहेर पेशीद्रवात सांडले, की पेशी स्वतःला मोडून टाकण्याची प्रक्रिया सुरू करते. पेशीला जगवणाऱ्या प्रथिनाचा पत्ता बदलला की तेच मृत्यूची वर्दी बनते. हा नियोजित पेशीमृत्यू एरवी शरीराच्या हिताचा असतो. गर्भात हाताच्या बोटांमधला पडदा त्यामुळेच नाहीसा होतो. पण आर्सेनिक, कॅडमियम किंवा पाऱ्याने तंतुकणिका फुटू लागल्या, तर नको तेथे, नको त्या पेशी मरू लागतात. मूत्रपिंडाच्या नलिकेत किंवा वाढत्या मेंदूत हे घडले तर त्याची भरपाई सहज होत नाही.

या शोधानंतर सायटोक्रोम सी बाहेर पडले का, ही विषशास्त्रातील एक रोजची तपासणी झाली. पाण्यातील एखाद्या धातूने पेशीला केवळ दुखवले की तिच्या मृत्यूची प्रक्रिया सुरू केली, हे त्यावरून ओळखता येते.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कमलाबाईंचा दिल्लीत सत्कार ठेवला. त्यांच्या कामाची आठवण व्हायला देशाला एवढी वर्षे लागली. समारंभ सुरू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. २०२३ मध्ये गुगलने त्यांच्यावर डूडल केले, तेव्हा अनेक मराठी घरांत हे नाव पहिल्यांदा ऐकले गेले.

नागपूरच्या पाण्याबाबत याचा अर्थ काय?

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० प्रत्येक द्रव्याची वेगळी मर्यादा सांगते. एका लिटरमध्ये आर्सेनिक आणि शिसे प्रत्येकी ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१, सायनाइड ०.०५ मिलिग्रॅम. ही मर्यादा आवश्यकच आहे. पण पेशी रोज एकेक द्रव्य वेगवेगळे पीत नाही. चारही धातू मर्यादेच्या जरा खाली असलेले पाणी कागदावर उत्तीर्ण होते. तंतुकणिकेवर त्या चौघांचा एकत्रित भार किती पडतो, हे त्या कागदावर दिसत नाही.

दुसरा मुद्दा वर्गीकरणाचा. देशाच्या घातक कचऱ्याच्या नियमांत औष्णिक केंद्रांची राख घातक कचऱ्यात मोडत नाही. प्रमाण मोठे पण परिणाम कमी, अशा कचऱ्यांच्या गटात घालून ती वगळली आहे. वीज केंद्रांना राखेचा पूर्ण वापर करण्याचे बंधन घालणारी अधिसूचना ३१ डिसेंबर २०२१ रोजी निघाली. खसाळ्याचा बांध त्यानंतर सात महिन्यांच्या आत फुटला. परिणाम कमी आहे, हे विधान कोणत्या जीवाच्या कोणत्या पेशीवर तपासून केले आहे, हे विचारण्याचा वारेगाव, खसाळा, नांदगाव परिसरातील गावांना हक्क आहे. कोराडी आणि खापरखेडा या दोन केंद्रांची राख त्यांच्याच उशाशी पडली आहे.

हे तपासण्याची सोय नागपुरात नाही असेही नाही. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची मध्यवर्ती संशोधन संस्था म्हणून सुरू झालेली आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे. विद्यापीठाचे जीवशास्त्राचे विभाग आहेत. शिवाय सगळ्याच चाचण्या महाग नसतात. स्वीडनच्या आल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये, म्हणजे कमलाबाई केंब्रिजला बटाट्यावर काम करत होत्या त्याच सुमारास, कांद्याच्या मुळांवर रसायनांचा परिणाम पाहण्याची रीत मांडली. आज ती जगभर सांडपाण्यासाठी वापरतात. कांद्याचा बुडखा नमुन्याच्या पाण्यात टेकवून ठेवायचा, शेजारी दुसरा कांदा स्वच्छ पाण्यात. दोन-तीन दिवसांत मुळे फुटतात. दोन्हींची लांबी मोजली की पाणी वाढीला किती रोखते ते कळते. मग मुळाचे टोक रंगवून महाविद्यालयातील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की विभागणाऱ्या पेशींतील गुणसूत्रे तुटली आहेत का, एकमेकांना चिकटली आहेत का, हे डोळ्यांनी दिसते.

कोणते द्रव्य किती आहे ते कांदा सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील यंत्रेच लागतात. मात्र कन्हानच्या वरच्या अंगाचे पाणी, राखेच्या तलावाच्या खालच्या अंगाचे पाणी आणि गावातल्या विहिरीचे पाणी अशा तीन नमुन्यांत तीन कांदे ठेवले, तर मुळांच्या लांबीतला फरक पट्टीने मोजता येतो. तो फरक मोठा निघाला, तर यंत्राने सर्वात आधी कोणता नमुना तपासायचा हे कळते.